पान सातवरचा बोका

भिंगरावांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथेच राहिलं. छापखान्यात, घरी, जिन्यात, वाण्याच्या दुकानात, सगळीकडे ते भिंगरावच. खिशात भिंग आणि भिंगामागे असा डोळा, की समोरच्याच्या शर्टाचं बटण एक घर चुकलंय हे नमस्काराच्या आधी सांगून मोकळे. छापखान्यात ते कच्ची पानं तपासायचे. सत्तावीस वर्षं. आणि या सत्तावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून एकही चूक छापून बाहेर गेली नव्हती. लोक आपल्या फ्लॅटबद्दल बोलतात, जावयाबद्दल बोलतात, अगदीच काही नसलं तर गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलतात. भिंगराव या सत्तावीस वर्षांबद्दल बोलत. विषय कुठलाही काढा, तिसऱ्या वाक्याला ती यायचीच.

आता हे काम एकट्यानं होत नाही. त्यांच्या समोर वाचनबाई बसायच्या. बाईंनी मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, भिंगरावांनी छापील पान हातात धरून ताडून बघायचं. वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं: स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस उघडा, कंस बंद, नवा परिच्छेद. बाईंच्या तोंडून जे येईल ते पानावर असलंच पाहिजे. नसलं तर भिंगराव समासात लाल शाईनं ते घालणार, आणि खालचा जुळणीवाला डोळे मिटून तसं करणार. भिंगरावांची लाल शाई म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, तिला प्रश्न विचारायची छापखान्यात प्रथा नव्हती.

पण दिवसभर वाचणारा माणूस मधे स्वतःचं काहीतरी बोलणारच. त्यासाठी दोघांनी एक पद्धत बसवली होती. बाईंच्या उजव्या हाताला एक लाकडी पट्टी असे. स्वतःचं बोलायचं झालं की पट्टी टेबलावर टक्‌ वाजवायची, बोलायचं, पुन्हा टक्‌. दोन टकांच्या मधलं ते बाईंचं, बाकी सगळं कागदाचं. ‘प्रवासी भाडे स्वल्पविराम, टक्‌, मेली माशी, टक्‌, सामान भाडे आणि विलंब शुल्क पूर्णविराम.’ अकरा वर्षं हा कारभार असा बिनबोभाट चालला होता. बायकोशीसुद्धा अशी काही पट्टी असती तर किती बरं झालं असतं, असं भिंगरावांच्या मनात अनेकदा येई, पण ते त्यांनी घरी कधी बोलून दाखवलं नाही.

तपासणीची खोली सगळ्यात वर, पत्र्याखाली. खाली कागद वाळवायचं यंत्र. म्हणजे वरून ऊन शेकतंय, खालून यंत्र शेकतंय आणि मधे भिंगराव आणि बाई. खोलीत पंखा होता. तो पट्टीनं ढकलला तर फिरायचा, पण ढकलणारा थकला की तोही थकायचा. कूलरसाठी अर्ज करून बारा वर्षं झाली होती. साहेबांच्या केबिनमध्ये मात्र एसी होता, आणि उन्हाळ्यात छापखान्यातल्या माणसांना एकाएकी त्यांच्या सह्यांची फार गरज पडत असे.

तर झालं असं, की उन्हाळा ऐन भरात असताना बसच्या वेळापत्रकाची नमुना पानं तपासायला आली. दुपारचे साडेतीन. भिंगरावांनी पान तपासलं, कोपऱ्यात ‘बरोबर’ अशी सही ठोकली आणि बाजूला ठेवलं. बाईंची नजर सहज त्यावर गेली. सातला सुटणारी बस पुढच्या थांब्यावर सहा चाळीसला पोचत होती. बाईंनी गुपचूप बोट ठेवलं. पान अजून खोलीच्या बाहेर गेलं नव्हतं, म्हणजे सत्तावीस वर्षं शाबूत होती. पण नेमका त्याच वेळी स्टोअरकीपर दारात उभा. हा असा गृहस्थ, की ज्याच्याकडे सुतळीचा तुकडा मागितला तर तीन दिवस लागत, पण बातमी मात्र हातोहात मिळे.

साहेबांनी बोलावून घेतलं. ते रागावले असते तर परवडलं असतं. ते प्रेमानं बोलले, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

“वय झालं की होतं हो असं, भिंगराव. पहिल्या तारखेला वेळापत्रकाची तीनशे पानं येतायत. ती आपण बाहेर तपासून घेऊ. तुम्ही पाकिटं बघा.”

पाकिटं. छापखान्यात पाकिटं छापत, आणि पाकिटावर काय असतं, तर एका कोपऱ्यात पत्ता. त्यात चूक व्हायला जागाच नाही. म्हणजे तिथे न चुकणं यात कसली आली मर्दुमकी. भिंगरावांनी चाचरत उकाड्याचा विषय काढून पाहिला. साहेब हसले आणि म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं.

हे वाक्य घेऊन भिंगराव घरी आले आणि जेवणाच्या ताटाकडे बघत बसले. बायको म्हणाली, “अहो, वय कसलं डोंबलाचं, भट्टीत बसता तुम्ही.” पण बायकोचा पुरावा कार्यालयात चालत नाही. खरं सांगायचं तर भिंगराव मनातून घाबरले होते. गेला महिनाभर दुपारी ओळी हलल्यासारख्या दिसत, वाचलेलं वाक्य पुन्हा वाचावं लागे. हे उकाड्यानं होतंय का डोकंच उताराला लागलंय, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. उकाडा असेल तर कूलर आहे. डोकं असेल तर मग पाकिटंच.

वरच्या मजल्यावर मोजणीमास्तर राहत. जन्मभर जमिनी मोजून निवृत्त झालेले, आणि आता मोजायला काही नसल्यामुळे जिन्याच्या पायऱ्या मोजणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मोजल्याशिवाय बोलायचं नाही. किती उष्णतेला किती चुका, तक्ता करा, आलेख काढा, अहवाल द्या, साहेबाचा बाप मंजूर करील. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, एवढं कशाला, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसावं. भिंगरावांनी दोन्ही सल्ले घेतले. ओला टॉवेल एकच दिवस टिकला, कारण त्यातलं पाणी पानावर टपकून ‘महिलांसाठी राखीव’मधल्या महिला वाहून गेल्या.

मग मोजणी सुरू झाली. पहिल्या दिवशी त्यांनी घरचा तापाचा थर्मामीटर नेऊन खिडकीत ठेवला. तो दहा मिनिटांत बेचाळीसवर जाऊन बसला आणि तेवढा ताप एखाद्या माणसाला असता तर घरच्यांनी नातेवाइकांना कळवलं असतं. हे साधन या कामाचं नव्हे हे लक्षात आल्यावर भिंगरावांनी भिंतीवर टांगायचा चांगला हातभर लांब थर्मामीटर विकत आणला. आता तो टांगायला खिळा हवा.

खिळ्यासाठी स्टोअरकीपरकडे अर्ज करावा लागतो. अर्जात खिळा किती लांबीचा, कुठल्या भिंतीत, किती दिवसांसाठी आणि नंतर त्या भोकाचं काय करणार हे लिहावं लागतं. भिंगरावांनी सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं: खिळा मंजूर, हातोडी नामंजूर, कारण हातोडी फक्त सुतारकामाच्या नावे निघते आणि सुतार रजेवर. शेवटी बाई म्हणाल्या, पंख्याला बांधा, नाहीतरी तो फिरत कुठे आहे. बांधला. म्हणजे आता पंखा ढकलायचीही सोय राहिली नाही आणि खोली आणखी दोन अंश तापली, जे थर्मामीटरनं इमानदारीत दाखवलं.

पण खिळ्याच्या अर्जात भिंतीचा उल्लेख आल्यामुळे त्याची एक प्रत विजेच्या माणसाकडे गेली होती. त्यानं येऊन भिंतीतल्या तारा तपासल्या, कुठलंतरी बटण खालीवर केलं, आणि कित्येक वर्षं न ढकलता न फिरलेला पंखा गरागरा फिरायला लागला. थर्मामीटर सुतळीसकट खोलीभर भिरभिरला. बाई टेबलाखाली, भिंगराव कपाटामागे, आणि हे कसले आवाज म्हणून बघायला आलेल्या स्टोअरकीपरची टोपी थेट जिन्यात. विजेचा माणूस घाबरून बटण पुन्हा होतं तसं करून गेला. थर्मामीटरला काही झालं नाही. स्टोअरकीपर मात्र त्या दिवसापासून खोलीत वाकून येऊ लागला, आणि भिंगरावांना त्यात उगाचच समाधान वाटे.

आता चुका मोजायच्या. मोजणीमास्तरांनी परीक्षा बसवून दिली: दर तासाला एका पानावरचे सगळे ‘क’ मोजायचे आणि दहा तोंडी हिशेब करायचे. परीक्षेला भिंगराव, बाई, बांधणी विभागातल्या दोघी आणि स्टोअरकीपर. सकाळी सगळे हुशार. दुपारी तीन वाजता, एक्केचाळीस अंशांवर, भिंगरावांचे आणि बाईंचे दहातले चार-चार हिशेब चुकले, बांधणीतल्या एकीनं बारा सक पंचावन्न सांगितले, दुसरी क मोजता मोजता झोपली, आणि स्टोअरकीपरला पानावर होते त्यापेक्षा चौदा क जास्त सापडले. ते वाढीव क आले कुठून असं विचारलं तर तो म्हणाला, माझ्याकडे शिल्लक नेहमी जास्तच निघते. तक्ता भिंतीवर लावल्यावर मात्र त्याला अपमान वाटला आणि तो आठवडाभर कोणाशी बोलला नाही. हा या प्रयोगाचा सगळ्यांना झालेला पहिला फायदा.

घरीही मोजणी चालू होती. बायको शेगडीपुढे उभी, पिशवीतून घरी आणलेला थर्मामीटर त्रेचाळीस दाखवतोय, आणि भिंगरावांनी मागून विचारलं, सतरा तेवीस किती? बायकोनं न वळता सांगितलं, “तीनशे एक्क्याण्णव, आणि मीठ द्या इकडे.” भिंगरावांनी आणखी नऊ हिशेब विचारले, नऊच्या नऊ बरोबर आले. सगळा सिद्धांतच डळमळला. बायकोचा आकडा तक्त्यात ‘अपवाद’ म्हणून घालायचा त्यांनी निर्णय घेतला. तो तक्ता तिनं वाचला आणि विचारलं, की वीस वर्षं मी या शेगडीपुढे उभी आहे, तेव्हा अपवाद कोण आणि नियम कोण? भिंगरावांना त्या वेळी उकाड्याचा बहाणाही करता येईना.

मोजणीमास्तर म्हणाले, एवढ्यानं भागत नाही. तीच माणसं थंडाव्यात बसवून तीच परीक्षा घ्या, म्हणजे फरक दिसेल. थंडावा आणायचा कुठून? साहेबांच्या केबिनमध्ये बसून क मोजणं शक्य नव्हतं. मग चौकातली बँक आठवली. जेवणाच्या सुट्टीत भिंगराव आणि बाई थर्मामीटर पिशवीत घालून तिथे गेले, टोकन घेतलं आणि बाकावर बसले. चोवीस अंश. काय सांगावं, क असे टपोरे दिसायला लागले, की जणू ते उठून हात वर करून हजेरी देतायत. दोघांचेही दहापैकी दहा. टोकनाचा नंबर आला, त्यांनी जाऊ दिला. दुसरं टोकन घेतलं, तोही नंबर गेला. चौथ्या टोकनाला दारावरचा पहारेकरी जवळ येऊन उभा राहिला. एक मध्यमवयीन गृहस्थ आणि एक बाई पैसे भरत नाहीत, काढत नाहीत, हातभर नळी बाहेर काढून दर दहा मिनिटांनी वहीत काहीतरी टिपतात आणि ओठ हलवत भिंतीवरच्या नियमांकडे बघतात, यावर कुठल्याही पहारेकऱ्यानं काय समजावं? त्यांना आत अधिकाऱ्यासमोर नेण्यात आलं. भिंगरावांनी सत्तावीस वर्षांपासून सुरुवात केली. अधिकारी भला होता. त्यानं स्वतः परीक्षा दिली, दहापैकी दहा आले, आणि त्यानं दोघांना सन्मानानं दारापर्यंत सोडलं. जाताना भिंगरावांनी त्याला नियमांच्या फलकातल्या तीन चुका दाखवल्या. ते त्यांनी केलं नसतं तर दुसऱ्यांदाही बँकेत जाता आलं असतं.

पण त्यांचा जीव भांड्यात पडला होता. चोवीस अंशांत डोकं लख्ख चालत होतं. आता फक्त साहेबांना पटवायचं होतं, आणि महिना संपायला पाच दिवस उरले होते.

भिंगरावांनी अहवाल लिहिला. सात पानं, तक्ते वेगळे. खालून तो जुळवून आला आणि तपासणीला दोघांच्या टेबलावर पडला तो नेमका त्या उन्हाळ्यातल्या सगळ्यात वाईट दुपारी. पत्रा तडतडत होता, खिडकीतून झळा येत होत्या, पट्टी घामानं हातातून निसटत होती म्हणून बाईंनी ती बाजूला ठेवून दिली. बाई मूळ कागद वाचत गेल्या, भिंगराव लाल शाई चालवत गेले. कोण काय बोलतंय याकडे लक्ष द्यायचं त्राण दोघांतही नव्हतं. साडेचारला अहवाल संपला. पाच प्रती छापल्या गेल्या, त्यातली एक साहेबांकडे.

साहेबांनी तो दुसऱ्याच दिवशी परत पाठवला. पान सातच्या तळाशी त्यांच्या हातचा शेरा होता: ‘सदर अहवाल अक्षरशः वाचला. त्यात एकही चूक आढळली नाही. ज्याअर्थी एक्केचाळीस अंश तापमानात इतका निर्दोष अहवाल तयार होऊ शकतो, त्याअर्थी उष्णतेचा कर्मचाऱ्यांच्या बुद्धीवर कोणताही परिणाम होत नाही, हे अहवालानेच सिद्ध झाले आहे. कूलर नामंजूर.’ खाली सही, शिक्का, तारीख. शेऱ्यासह एक प्रत त्यांनी मालकीणबाईंकडेही पाठवून दिली होती. मालकीणबाई वयस्कर, छापखान्यात फारशा येत नसत, पण त्यांच्याकडे गेलेला कागद म्हणजे झाला निकाल.

भिंगरावांनी शेरा तीनदा वाचला. त्यात चूक काढायला जागा नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एखादी वेलांटी जरी चुकून उलटी पडली असती तरी खोली गार झाली असती. पण मुद्दाम चूक करायची, हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. आणि आता उकाडा निर्दोष सुटला, म्हणजे सहा चाळीसची बस कोणाच्या माथी? वयाच्या.

रविवारी सकाळी सहाला ते गॅलरीत बसले. हवा गार होती, खाली रस्ता नुकताच झाडला होता. त्यांनी अहवाल हातात घेतला. काही शोधायला नव्हे. आपण शेवटचं काहीतरी चांगलं केलं ते एकदा डोळे भरून बघावं, एवढ्याचसाठी. तिसऱ्या पानावर त्यांची नजर अडली. ‘खोलीचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेले असता तपासनिसाचे लक्ष अगंबाई काय हा उकाडा शब्दांवरून उडून ओळींमधल्या मोकळ्या जागेवर खिळते.’

भिंगरावांनी भिंग काढलं. अगंबाई तिथेच होती. त्यांनी भराभर पानं उलटली. पाचव्या पानावर एके ठिकाणी ‘जरा सरकून बसा’ होतं. आणि पान सातवर, शेवटच्या परिच्छेदात, साहेबांच्या सहीच्या बरोबर वर: ‘सबब व्यवस्थापनाने या निष्कर्षांचा गांभीर्याने विचार करावा, तो गारेगार खोलीतला बोका कशाला वाचतोय हे, अशी नम्र विनंती आहे.’

आतून बायको धावत आली, कारण तिला वाटलं यांना काहीतरी झालं. भिंगरावांनी नुसतं पान पुढे केलं. तिनं वाचलं आणि जी हसायला लागली ती खाली जमिनीवरच बसली. वरून मोजणीमास्तरांनी वाकून विचारलं, काय झालं? भिंगराव पांढरेफटक. सत्तावीस वर्षं, आणि चूक गेली ती कुठे, तर स्वतःच्या अहवालात, स्वतःच्या लाल शाईनं, तीही एक नव्हे तर तीन.

बायकोनं डोळे पुसले. “अहो, तीन चुका तुम्हाला किती वेळात सापडल्या?”

भिंगरावांनी घड्याळाकडे बघितलं. चार मिनिटं. गार हवेत, चहासुद्धा न घेता, चार मिनिटं. डोकं उताराला लागलेलं नव्हतं. अगदी जागच्या जागी होतं. एवढा आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता, आणि तो त्यांनी तसा बोलूनही दाखवला, जे बोलायला नको होतं.

आता पुराव्याला पुरावा मिळाला होता, पण तो दाखवायचा म्हणजे सत्तावीस वर्षांवर स्वतःच्या हातानं पाणी सोडायचं. ते एक वेळ सोडलं असतं. पण बोका भिंगरावांचा नव्हता. तो बाईंच्या तोंडचा होता, आणि साहेबाला बोका म्हटल्यावर बाईंची नोकरी राहते का? सोमवारी सकाळी त्यांनी बाईंना पान दाखवलं. बाईंनी ते विरामचिन्हांसकट वाचलं. भिंगराव म्हणाले, फाडून टाकतो, मालकीणबाईंची प्रत काहीतरी सांगून परत मागवतो, मी पाकिटं बघेन, काही वाईट नसतात पाकिटं. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“अकरा वर्षं मी दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचतेय, भिंगराव. माझं एक वाक्य छापून आलं. ते लपवायचं?” आणि मग पट्टी उचलून म्हणाल्या, “चला, दाखवू या.”

केबिनमध्ये बावीस अंश होते. भिंगराव उभे राहिले, घसा खाकरला आणि आयुष्यात जे वाक्य बोलण्याची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं ते बोलले.

“साहेब, माझ्याकडून चूक छापून गेली. बोलणं बाईंचं, पण लाल शाई माझी. शिक्षा मला.”

साहेबांनी पान सात घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. गांभीर्यानं विचार करावा इथपर्यंत आवाज खणखणीत होता. बोक्यापाशी तो बसला. त्यांनी ती ओळ पुन्हा मनात वाचली, मग खालची स्वतःची सही वाचली, मग शिक्का. इकडे आड तिकडे विहीर. ही चूक म्हणावी तर उकाड्यानं चुका होतात हे मान्य करावं लागणार, आणि अक्षरशः वाचला हे खोटं ठरणार. चूक नाही म्हणावं तर बोक्यावर शिक्कामोर्तब. बावीस अंशांत साहेबांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. भिंगरावांनी नकळत खिशातली वही चाचपली. ही नोंद घेण्यासारखी होती.

तेवढ्यात फोन वाजला. मालकीणबाई होत्या. कान जरा जड असल्यामुळे त्या मोठ्यानं बोलत आणि सगळ्यांना ऐकू येई. त्या म्हणाल्या, तुमच्या छापखान्यातून बारा वर्षं अहवाल येतायत, पहिल्यांदाच एक शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी विचारलं:

“त्या पान सातवरचा बोका कोण?”

बाईंनी पट्टी घट्ट धरली होती.

“मी, बाई,” साहेब फोनमध्ये म्हणाले.

पलीकडे मालकीणबाई खोकल्या की हसल्या ते नीट कळलं नाही. त्यांचा हुकूम मात्र स्वच्छ ऐकू आला. त्या खोलीला कूलर द्या. आणि तो येईपर्यंत बोक्याचं टेबल वर पत्र्याखाली न्या.

दुपारी दोनला साहेबांचं टेबल वर आलं. साडेतीनला त्यांनी एका पाकिटाच्या मागणीवर तीनदा सही केली आणि सहीत स्वतःचं आडनाव अर्धवट सोडलं. भिंगरावांनी ते दाखवून दिलं, अगदी नम्रपणे. चार वाजता साहेब स्वतः उठून स्टोअरमध्ये गेले. जो कूलर बारा वर्षं कुठल्या रकान्यात बसत नव्हता तो बावीस तासांत जिना चढून वर आला, खिळा आला, हातोडी आली, रजेवरचा सुतारसुद्धा आला. खिळ्यावर थर्मामीटर टांगला, आणि त्याच्या खाली चौकटीत पान सात. चौकट बाईंनी आणली होती.

त्या आठवड्यात भिंगरावांनी आणखी एक गोष्ट केली. घरचा टेबलपंखा दिवाणखान्यातून उचलून शेगडीजवळ नेला, आणि रविवारी सगळा स्वयंपाक मी करणार म्हणून पंखा बंद ठेवून, कारण ज्योत विझते, स्वतः शेगडीपुढे उभे राहिले. बायकोनं खुर्चीत बसून मागून विचारलं, सतरा तेवीस किती? भिंगरावांनी बराच विचार करून तीनशे एकोणऐंशी सांगितले. बायकोनं वहीत ‘नियम’ असं लिहिलं आणि खाली आपली सही केली. आता दर रविवारी ते उभे राहतात, आणि आकडा हळूहळू सुधारतो आहे.

पहिल्या तारखेला वेळापत्रकाचे गठ्ठे आले ते तपासणीच्या खोलीतच. आता भिंगराव सत्तावीस वर्षांबद्दल बोलत नाहीत. कोणी विचारलं तर सांगतात, तीन गेल्या, त्यातली एक भिंतीवर आहे. पण पहिल्याच दुपारी, बरोबर साडेतीनला, त्यांनी पान बावीसवर एक बस पकडली जी सुटायच्या आधीच पोचली होती. त्यांनी लाल शाईनं ती वेळेवर आणली, बाईंकडे बघितलं आणि मान डोलावली. बाई पुढचं वाचू लागल्या. थांबा क्रमांक नऊ स्वल्पविराम, आगमन तीन दहा स्वल्पविराम, प्रस्थान तीन पंधरा पूर्णविराम. मग त्या थांबल्या. कूलर संथ घुमत होता. त्यांनी पट्टी उचलली.

टक्‌.

“गार वाटतंय हो, भिंगराव.”

टक्‌.

भिंगरावांचं पेन समासापर्यंत गेलं होतं, ते त्यांनी मागे घेतलं आणि म्हणाले, “नवा परिच्छेद.”